पाळीव डुकरिणीला पट्टेरी पिल्ले झाली आहेत : रानडुकरांकडून कोणते विषाणू आले असू शकतील?

वराहपालक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी नऊ वर्षांपासून वराहपालन करीत आहे. शेडच्या मागे जाळीने वेढलेले मोकळे आवार आहे आणि गाभण नसलेल्या माद्या दिवसभर तेथे फिरत असतात. जाळीच्या पलीकडे ओढा आहे आणि त्यापुढे रान सुरू होते. गेल्या पंधरवड्यात आमची एक तांबूस रंगाची डुकरीण व्याली. तिच्या नऊ पिल्लांपैकी सहा पिल्लांच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत फिकट पिवळसर पट्टे आहेत, अगदी रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर असतात तसेच. उरलेली तीन आमच्या नराची असावीत, कारण त्याच माजात तिला आमचा नरही दाखवला होता.

डुकरिणीचा गाभण काळ ११४ दिवसांचा धरून मी मागे मोजत गेलो आणि नोंदवही उघडली, तेव्हा त्याच आठवड्यात माझ्याच हातची नोंद सापडली : "मागची जाळी खालून वाकली आहे, माती उकरली आहे, दुरुस्त केली." त्या वेळी मी ते कुत्र्यांचे काम समजलो होतो आणि पुढे विसरूनही गेलो. रानडुक्कर आत येऊन गेल्याचे मला जवळजवळ चार महिन्यांनी, पिल्लांच्या अंगावरचे पट्टे पाहून कळले, याची रुखरुख लागून राहिली आहे.

डुकरीण धडधाकट आहे, खाते-पिते, दूधही भरपूर आहे. माझे प्रश्न असे आहेत. रानडुकराबरोबर कोणकोणते विषाणू आत आले असण्याची शक्यता आहे? डुकरीण निरोगी दिसते याचा अर्थ धोका टळला असा घ्यावा का? केवळ रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी पुरेशी आहे का? आणि आवाराचे कुंपण बळकट केले म्हणजे झाले, की आणखी काही करावे लागेल?

निवृत्त पशुवैद्यक

वराहपालक, आपण नोंदवही ठेवता आणि त्यातील जुनी नोंद आजच्या घटनेशी जोडता, हे फार मोलाचे आहे. रोगाचा माग काढताना निम्मे काम अशा नोंदींनीच होते. आता आपल्या प्रश्नांकडे वळतो.

सर्वांत आधी आफ्रिकन स्वाइन फिव्हरविषयी सांगतो, कारण आपल्या मनात पहिली भीती त्याचीच असणार. या विषाणूच्या जहाल प्रकाराची लागण झाली असती, तर डुकरीण ११४ दिवस जगून व्याली नसती. लागणीनंतर साधारण चार ते एकोणीस दिवसांत लक्षणे दिसतात आणि त्यानंतर बहुतेक जनावरे आठवडा-दहा दिवसांत दगावतात. त्यामुळे त्या एका भेटीपुरता हा रोग जवळजवळ बाजूला ठेवता येतो. मात्र "निरोगी दिसते म्हणजे निरोगी आहे" हा नियम इतर दोन रोगांना मुळीच लागू पडत नाही, आणि आपल्या बाबतीत मला काळजी त्या दोघांचीच वाटते.

पहिला रोग म्हणजे औयेस्कीचा रोग. याला स्यूडोरेबीज असेही नाव असले, तरी रेबीजशी त्याचा संबंध नाही. हा नागीण-कुळातील, म्हणजे हर्पिस गटातील विषाणू आहे. या गटाच्या स्वभावाप्रमाणे तो एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्तावस्थेत दडून बसतो आणि विणे, लांबचा प्रवास, उपासमार अशा ताणाच्या प्रसंगी पुन्हा बाहेर पडू लागतो. प्रौढ डुकरांमध्ये त्याची लक्षणे इतकी सौम्य असतात की मालकाला पत्ताही लागत नाही. दोन आठवड्यांच्या आतील पिल्ले मात्र थरथरतात, पाय मारतात आणि मोठ्या संख्येने मरतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की रानटी डुकरांमध्ये हा विषाणू बऱ्याच अंशी संयोगातूनच पसरतो. पाळीव डुकरांतून हा रोग पूर्णपणे हटवलेल्या देशांतही रानातील डुकरांमध्ये तो टिकून आहे. अमेरिकेत व्यापारी कळप २००४ मध्ये रोगमुक्त झाले, जर्मनीतील पाळीव डुकरे २००३ मध्ये झाली. दोन्हीकडे रानातील डुकरे आजही त्याची वाहक आहेत. आपल्याकडे तर प्रत्यक्ष संयोग झाल्याचा पुरावा सहा पिल्लांच्या पाठीवर दिसतो आहे.

दुसरा रोग क्लासिकल स्वाइन फिव्हर. नाव सारखे असले तरी आफ्रिकन फिव्हरशी याचे नाते नाही. तो मोठा डीएनए विषाणू, हा लहानसा आरएनए विषाणू. गुरांमधील बीव्हीडी या रोगाचा हा जवळचा भाऊबंद. याची खोड अशी की गाभण डुकरिणीला साधारण पन्नासाव्या ते सत्तराव्या दिवसाच्या सुमारास लागण झाली, तर तिच्या पोटातील पिल्लांची प्रतिकारशक्ती अद्याप घडत असते आणि ती या विषाणूला परका मानतच नाही. अशी पिल्ले जन्मतः चांगली दिसू शकतात, पण ती काही महिने सतत विषाणू बाहेर टाकत राहतात आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे मात्र तयार होत नाहीत. पुढे त्यांची वाढ खुंटते आणि ती मरतात. तोपर्यंत सगळ्या कळपाला लागण होऊन गेलेली असते. संयोगाच्या दिवशी लागण झाली असती तर बहुधा गर्भ राहिलाच नसता, किंवा पिल्ले वाळलेली जन्मली असती, हे खरे. तथापि ते रानडुक्कर एकदा आले आणि नंतर पुन्हा फिरकलेच नाही, असे मानण्यास काही आधार नाही. माजावर आलेल्या माद्यांचा वास त्याला ठाऊक झाला आहे, आणि जाळीतून नाकाला नाक लागणे लागणीसाठी पुरेसे असते.

म्हणून तपासणीविषयी माझे मत असे आहे. औयेस्कीच्या रोगासाठी डुकरिणीची आणि आपल्या नराची प्रतिपिंडांची तपासणी करावी. त्या माजात दोन्ही नरांचा संबंध एकाच मादीशी आला असल्याने आपला नर यातून सुटत नाही. क्लासिकल फिव्हरसाठी मात्र पिल्लांच्या रक्तात थेट विषाणूच शोधावा लागेल, म्हणजे पीसीआर तपासणी करावी लागेल. आपण या रोगाची नेहमीची जिवंत लस देत असाल, तर डुकरिणीच्या अंगातील प्रतिपिंडे लसीची की रोगाची, हे साध्या तपासणीत ओळखता येत नाही. औयेस्कीच्या नव्या लसींचे तसे नाही. त्यांतून विषाणूचे एक विशिष्ट प्रथिन मुद्दाम वगळलेले असते, त्यामुळे त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर ती खऱ्या लागणीचीच, असे सांगता येते.

निकाल हाती येईपर्यंत डुकरीण, तिची सर्व नऊ पिल्ले आणि आपला नर वेगळे ठेवा आणि एकही पिल्लू विकू नका. पट्टेरी पिल्लांचे कौतुक म्हणून कोणी मागितले तरी देऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो आहे. सरकारी पशुवैद्यकांना घटना लपवून न ठेवता कळवा.

शिवारकर

डॉक्टरांनी सांगितलेले सर्व पटते. परंतु मूळ दुखणे रानडुकरांचे आहे, हे कोणी स्पष्ट का म्हणत नाही? रानात त्यांची संख्या बेसुमार वाढते, तीच शेतात शिरतात, तीच कळपात रोग आणतात. जोपर्यंत परिसरातील रानडुकरे संपवली जात नाहीत, तोपर्यंत कुंपण आणि तपासण्या ही केवळ मलमपट्टी ठरेल. आमच्या पिकाचे दर हंगामात होणारे नुकसान पाहता मला दुसरा मार्ग दिसत नाही.

अभ्यासिका

शिवारकर, पिकाच्या नुकसानीमागचा आपला त्रास मी समजू शकते. मात्र विषाणूंच्या प्रसाराचा जो अभ्यास माझ्या कामाचा भाग आहे, त्यातून दिसणारे चित्र आपण मांडता त्याहून वेगळे आहे, आणि ते येथे थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

आफ्रिकन स्वाइन फिव्हरचे पहिले वर्णन केनियातून १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकेत हा विषाणू वॉर्टहॉग या रानटी प्राण्यात आणि त्याच्या बिळात राहणाऱ्या मऊ गोचिडांमध्ये फिरत असतो, आणि वॉर्टहॉगला त्याचा त्रास होत नाही. युरोप-आशियातील रानडुक्कर मात्र पाळीव डुकराचेच मूळ रूप आहे. दोघांची जात एकच, म्हणून तर आपल्या येथे ही पिल्ले जन्मली. रानडुक्कर या रोगाने पाळीव डुकराइतकेच तडफडून मरते. तो या विषाणूचा निरोगी साठा नाही. तोही बळीच आहे.

आता विषाणू कसा प्रवास करतो ते पाहू. २००७ मध्ये तो जॉर्जियात पोहोचला, तो रानडुकरांबरोबर नव्हे. पोती बंदरात जहाजांवरून उतरलेले खरकटे डुकरांच्या तोंडी गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. तेथे पाळीव डुकरे मोकळी हिंडत असत, त्यामुळे लागण त्यांच्याकडून रानडुकरांकडे गेली. पुढे २०१४ मध्ये लिथुआनिया आणि पोलंड, २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीन, २०२० मध्ये जर्मनी, असा तो पसरत गेला. रानडुकरांच्या कळपांतून आपल्या चालीने पसरताना हा विषाणू महिन्याला साधारण एक-दोन किलोमीटर एवढेच अंतर कापतो. या वेगाने चीनमधील सर्व प्रांत नऊ महिन्यांच्या आत गाठणे त्याला शक्य नव्हते. ते अंतर जनावरांच्या वाहतुकीने, मांसाने आणि खरकट्याने कापले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियमच्या दक्षिणेकडील जंगलात पहिली लागण झालेली रानडुकरे सापडली, तेव्हा सर्वांत जवळचा ज्ञात प्रादुर्भाव शेकडो किलोमीटर दूर होता. एवढी मजल माणसाच्या हातूनच मारली जाते.

बेल्जियमने पुढे काय केले, हे आपल्या सूचनेच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. लागण झालेल्या भागात प्रथम शिकार थांबवण्यात आली, कारण हाकारा घातला की रानडुकरे पांगतात आणि विषाणू बरोबर घेऊन जातात. त्या भागाभोवती टप्प्याटप्प्याने जाळ्या उभारल्या गेल्या, माणसे रांगा करून जंगल धुंडाळत मेलेली डुकरे शोधून बाहेर काढत राहिली, आणि रानडुकरांची संख्या घटवण्याचे काम त्यानंतर, आखलेल्या पट्ट्यांमध्ये झाले. आठशेहून अधिक बाधित रानडुकरे सापडूनही एकाही पाळीव डुकराला लागण झाली नाही, आणि २०२० अखेर देश रोगमुक्त ठरला. चेक प्रजासत्ताकानेही झ्लिन परिसरात २०१७ मध्ये आलेला प्रादुर्भाव याच मार्गाने दोन वर्षांच्या आत संपवला. सार्डिनिया बेटावरचा अनुभव तर याच्या दुसऱ्या बाजूने बोलका आहे. तेथे १९७८ पासून चार दशके हा रोग ठाण मांडून होता. नोंदणी नसलेली, डोंगरात मोकाट सोडलेली पाळीव डुकरे हटवण्याची मोहीम नेटाने राबवल्यावर रानडुकरांमधील लागणही ओसरत गेली. विषाणू तेथे मोकाट पाळीव डुकरांच्या आधाराने टिकून होता.

मेलेली डुकरे शोधण्यावर एवढा भर का, हे सांगितल्याशिवाय विषय पूर्ण होणार नाही. हा विषाणू हवेतून फार दूर जात नाही. त्याचे खरे वाहन रक्त. थंड ठिकाणी साठवलेल्या रक्तात तो वर्षाहून अधिक काळ तग धरतो, हाडांच्या मगजात महिनोन्‌महिने टिकतो, आणि गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षे. जर्मनीत स्वयंचलित कॅमेरे लावून रानडुकरे आपल्या मेलेल्या जातभाईंपाशी काय करतात, हे पाहिले गेले. त्या कॅमेऱ्यांत डुकरे शव खाताना आढळली नाहीत. ती भोवती हुंगत राहिली, आणि शव कुजून गेल्यानंतरही त्याखालची भिजलेली माती नाकाने उकरत राहिली. जनावर मरून महिने लोटले तरी तेथील मातीशी त्यांचा संबंध येतच राहतो, तो असा.

वराहपालक, आपल्यासाठी यातून निघणारी गोष्ट म्हणजे पायातील बूट. रानात जाऊन आलेल्या माणसाच्या बुटाला लागलेली अशी माती शेडमध्ये येणे हा रानडुक्कर आत येण्याइतकाच खरा धोका आहे, आणि त्याला जाळी आडवी येत नाही.

आणखी एक गोष्ट माणसांच्या आरोग्याविषयी. आफ्रिकन आणि क्लासिकल, हे दोन्ही फिव्हर माणसाला होत नाहीत. हेपेटायटिस ई या यकृताच्या रोगाचे तीन आणि चार क्रमांकांचे प्रकार मात्र पाळीव डुकरे व रानडुकरे या दोघांमध्येही असतात आणि माणसाला लागतात. जपानमध्ये रानडुकराचे कच्चे यकृत खाल्ल्याने झालेल्या अशा आजाराची नोंद २००३ मधील आहे. त्यामुळे व्यालेल्या डुकरिणीची वार उचलताना व विष्ठा काढताना हातमोजे वापरा.

शिवारकर

ताई, बेल्जियमची माहिती मला नवी आहे. शिकार केल्याने रोग उलट पसरू शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एक विचारतो : रानडुकरांनाही लस देता येत नाही का?

अभ्यासिका

क्लासिकल फिव्हरसाठी देता येते आणि दिलीही गेली आहे. जर्मनीत १९९० च्या दशकापासून मक्याच्या पिठाच्या वेष्टनात लसीची कुपी ठेवून अशी आमिषे जंगलात पुरली जात. रानडुक्कर ती उकरून चावते आणि लस तोंडात सांडते. जपानमध्ये सव्वीस वर्षांच्या खंडानंतर २०१८ मध्ये गिफू प्रांतात हा रोग परतला आणि रानडुकरांत पसरला, तेव्हा तेथेही २०१९ च्या मार्चपासून हीच पद्धत वापरली गेली. यात अडचण लहान पिल्लांची येते. ती आमिष नीट खात नाहीत, आणि रोग टिकून राहतो तो मुख्यतः त्यांच्यातच. आफ्रिकन फिव्हरसाठी रानडुकरांना देण्याजोगी मान्यताप्राप्त लस नाही. व्हिएतनामने पाळीव डुकरांसाठी जिवंत लसींना मान्यता दिली आहे, पण त्यांच्या सुरक्षिततेविषयी जाणकारांमध्ये अजून एकमत नाही.

वराहपालक

आपण सर्वांनी इतक्या सविस्तर उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. काल सरकारी पशुवैद्यक येऊन डुकरीण, नर आणि सर्व पिल्लांचे रक्त घेऊन गेले. मी नोंदवहीची ती पाने त्यांना दाखवली. नऊ पिल्ले आणि डुकरीण शेडच्या टोकाच्या खोलीत हलवली आहेत, नर दुसऱ्या टोकाला आहे. त्यांना चारा-पाणी करणारा माणूस वेगळा ठेवला असून तो उरलेल्या शेडमध्ये जात नाही.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे राखणीचे दोन कुत्रे आहेत आणि ते रानात जातात. त्यांना काही धोका आहे का? आणि कुंपणाविषयी नेमके मार्गदर्शन मिळावे.

निवृत्त पशुवैद्यक

कुत्र्यांचा प्रश्न आपण विचारलात हे बरे झाले, कारण औयेस्कीच्या रोगात सर्वांत आधी कुत्राच जातो. रानडुकराची आतडी किंवा फुप्फुसे कच्ची खाल्लेल्या शिकारी कुत्र्यांना ही लागण झाल्याची उदाहरणे वारंवार आढळतात. सेवेत असताना असा एक कुत्रा माझ्यासमोर आणला गेला होता. तोंडाची एक बाजू तो पंजाने आणि जमिनीवर घासून इतकी खाजवत होता की कातडे निघून खालचे मांस दिसत होते. लाळ गळत असल्याने मालकाला ती पिसाळी वाटली, पण तो कोणाच्याही अंगावर धावून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मेला. या रोगावर कुत्र्यांसाठी उपचार नाही. तेव्हा आपले कुत्रे बांधून ठेवा, त्यांना डुकराचे कच्चे मांस किंवा मेलेली पिल्ले आणि वार मिळणार नाही याची खात्री करा, आणि ते शेडमध्ये मुळीच शिरता कामा नयेत.

कुंपण दुहेरी घालावे. एकेरी जाळी कितीही भक्कम असली तरी नाकाला नाक लागतेच. बाहेरची जाळी निदान दीड मीटर उंच असावी आणि ती जमिनीत अर्धा मीटर पुरावी, कारण रानडुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून मुसंडी मारून जाळी उचलते, आपल्या नोंदीत आहे अगदी तसेच. आतली जाळी तिच्यापासून दीड-दोन मीटर अंतरावर घ्यावी आणि मधल्या पट्ट्यातील झुडपे काढावीत, म्हणजे तेथे माती उकरलेली असल्यास रोजच्या फेरीत चटकन दिसेल. माजावर आलेल्या माद्या त्या दिवसांत आवारात सोडू नयेत. त्यांना शेडमध्येच ठेवावे. दाण्याची पोती आणि अंथरणाचा पेंढा उघड्यावर ठेवू नये. ज्या शेतात रानडुकरे फिरतात तेथील ताजे कापलेले गवत डुकरांना घालू नये.

शेडच्या दारात बूट बदलण्याची जागा करा. रानात घालायचे बूट आणि शेडमध्ये घालायचे बूट वेगवेगळ्या रंगांचे घेतले की चूक लगेच ध्यानात येते. दारातील द्रावणात नुसते पाय बुडवून भागत नाही. चिखल-विष्ठेच्या थराखाली विषाणू सुरक्षित राहतो, म्हणून बूट आधी ब्रशने घासून स्वच्छ धुवावेत आणि मग द्रावणात ठेवावेत. रिकाम्या खोलीची फरशीही आधी धुवून, नंतर हजार भाग पाण्यात आठ भाग कॉस्टिक सोडा या प्रमाणातील द्रावण अर्धा तास ठेवून निर्जंतुक करता येते. ते करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत. आपल्या आवारात येणाऱ्या वाहनाचाही विचार करा. नेदरलँड्समध्ये १९९७ साली क्लासिकल फिव्हरचा जो प्रादुर्भाव झाला, त्याचा माग जर्मनीहून परतलेल्या, नीट न धुतलेल्या एका जनावरांच्या वाहनापर्यंत लागला होता आणि त्यापायी सुमारे एक कोटी डुकरे मारावी लागली. तेव्हा डुकरे न्यायला येणारे वाहन फाटकाबाहेरच थांबवावे आणि जनावरे आपल्या माणसांनी तेथवर न्यावीत.

निकाल आला की येथे कळवा. क्लासिकल फिव्हरचा पीसीआर नकारार्थी आला आणि औयेस्कीची प्रतिपिंडे डुकरिणीत सापडली, तर ती बरी दिसते म्हणून तिला पैदाशीसाठी ठेवण्याचा मोह होईल. सुप्त विषाणू पुढच्या विण्याच्या वेळी पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून त्या स्थितीत तिला आणि लागण सापडल्यास नरालाही कळपातून काढावे लागेल, हे मी आताच सांगून ठेवतो.

वराहपालक

कळवतो, डॉक्टर. कुत्रे आज सकाळपासून बांधले आहेत. बाहेरच्या जाळीसाठी चर खणायला सुरुवात केली आहे. ओढ्याच्या बाजूला खणताना जुन्या जाळीच्या खाली आणखी दोन ठिकाणी माती उकरलेली सापडली. त्यांपैकी एक जागा ताजी आहे. त्या दोन्ही जागांची छायाचित्रे तारखेसह वहीत लावली आहेत आणि पशुवैद्यकांना पाठवली आहेत.